रक्तातले मीठ

वाटीभर पाण्यात चार-पाच मनुका टाका. काही तासांनी त्या टम्म फुगलेल्या दिसतील. मग त्याच मनुका मिठाच्या दाट पाण्यात टाका. त्या पुन्हा आकसू लागतील. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. आपल्या शरीरातील पेशींनाही हाच नियम लागू पडतो.

ज्याला आपण घरी नमक म्हणतो, त्या मिठाचा एक घटक म्हणजे सोडियम. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात तो सुमारे सव्वातीन ग्रॅम असतो. डॉक्टर तो मिलिमोल या एककात मोजतात. १३५ ते १४५ हे प्रमाण योग्य समजले जाते.

अतिदक्षता विभागातील अनेक रुग्णांचे सोडियम याहून कमी होते. "मग त्यांना मीठ का चारत नाहीत?" असे तुम्ही विचाराल. नातेवाईकही हेच विचारतात! परंतु पुष्कळदा मीठ कमी झालेले नसते, पाणी वाढलेले असते. तीव्र वेदना, उलट्या, न्यूमोनिया किंवा मोठी शस्त्रक्रिया यांमुळे मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते. पाणी साठते आणि रक्तातले सोडियम विरळ होते.

आता मनुका आठवा. रक्त विरळ झाले की पाणी पेशींत शिरते व त्या फुगतात. हातापायांत फुगायला जागा असते. मेंदूभोवती मात्र कवटीचे कठीण कवच आहे. सोडियम वेगाने घसरले, तर रुग्णाचे डोके दुखते, तो असंबद्ध बोलतो, त्याला झटके येतात. प्राणही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर शिरेतून दाट सलाइन देतात. साध्या सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, तर या दाट सलाइनमध्ये ३० ग्रॅम.

मग ते भराभर देऊन टाकावे का? नाही! दोन दिवसांहून अधिक काळ सोडियम कमी राहिले, तर मेंदूच्या पेशी आपल्यातील काही पदार्थ बाहेर टाकून जुळवून घेतात. अशा वेळी रक्त एकदम खारट केले, तर त्यांच्यातील पाणी झपाट्याने निघून जाते आणि मज्जातंतूंवरील वेष्टन नष्ट होऊ शकते. रुग्ण आधी सुधारल्यासारखा वाटतो. काही दिवसांनी त्याची जीभ जड होते, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. या विकाराचे वर्णन रेमंड ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये केले. उपचारातील घाईशी त्याचा संबंध मात्र पुढे लक्षात आला.

म्हणून चोवीस तासांत सोडियम साधारणपणे ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वाढू देत नाहीत. दर काही तासांनी परिचारिका रक्त तपासायला घेते. आकडा फारच भराभर चढला, तर डॉक्टर मुद्दाम पाणी देऊन तो पुन्हा थोडा खाली आणतात.