किल्ली खोलीतच असते!

14 हा आकडा पाहिला की तुम्हांला काय आठवतं?

"चौदा म्हणजे चौदा! त्यात काय आठवायचंय?" असं बाहेरगावचं कुणी म्हणेल. पण आमच्या पिंपरीतलं पहिलीतलं पोरगंसुद्धा सांगेल, की गाडीच्या पाटीवर 'एमएच 14' दिसलं म्हणजे गाडी पिंपरी-चिंचवडची आणि 'एमएच 12' दिसलं म्हणजे पुण्याची. आता पत्रावरचा 411018 हा पिनकोड घ्या. पहिले तीन आकडे पत्राला पुण्यापर्यंत आणतात आणि शेवटचे तीन त्याला पिंपरीच्या टपाल कचेरीत पोचवतात. ही पद्धत आपल्या देशात 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू आहे.

म्हणजे काय, तर आपण रोजच सांकेतिक भाषा वाचतो. फक्त ती गुप्त नसते. कारण तिची किल्ली सगळ्यांजवळ असते. किल्ली थोड्यांजवळच ठेवली, की तीच भाषा गुप्त होते. तुम्ही मधल्या सुट्टीत 'च'ची भाषा बोलता ना? "मला" म्हणायचं तर "चलाम", "घरी" म्हणायचं तर "चरीघ"! ज्याला ही युक्ती माहीत नाही, तो बिचारा तोंडाकडे बघत बसतो.

या गुप्त भाषांचा एक झकास खेळ आहे, 'एस्केप रूम' म्हणजे सुटकेची खोली. खेळणाऱ्यांनी एका खोलीत शिरायचं. तिथे कुलपं, चिठ्ठ्या, विचित्र आकडे आणि चित्रं असतात. एक कोडं सोडवलं की दुसऱ्याचा धागा मिळतो आणि ठरलेल्या वेळात शेवटचं कुलूप उघडायचं. जपानमध्ये क्योटो शहरात ताकाओ काटो यांनी 2007 साली असा खेळ भरवला आणि पुढे तो जगभर पसरला. मोठ्या शहरांत पैसे भरून तो खेळता येतो. पण मी तुम्हांला सांगणार आहे, ते बिनपैशाच्या खेळाबद्दल. पुठ्ठा, कागद, लाटणं आणि आकड्यांचं एक कुलूप, एवढ्यावर तो होतो.

पहिला खेळ फसला

मागच्या पावसाळ्यात मैदानावर तळं साचलं आणि खेळाचा तास बुडाला. मुलं हिरमुसली. मी पत्र्याच्या पेटीत शेंगदाण्याची चिक्की ठेवली, तिला तीन आकड्यांचं कुलूप लावलं आणि वर्गात चार चिठ्ठ्या लपवल्या. म्हटलं, "उघडा पेटी!"

आठ मिनिटांत पेटी उघडली. मला आनंद झाला का? मुळीच नाही. वर्गातल्या एका हुशार मुलीने भराभरा सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या आणि बाकीची मुलं नुसती उभी राहिली. चिक्की सगळ्यांनी खाल्ली, पण खेळली एकटीच! चूक तिची नव्हती, माझी होती. चारही चिठ्ठ्यांच्या किल्ल्या मी एकाच कागदावर लिहिल्या होत्या आणि तो कागद तिच्या हाती लागला होता.

पुढच्या शनिवारी मी खेळ नव्याने मांडला. वर्गाचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला एकच किल्ली दिली. आता एकमेकांशिवाय कुणाचंच चालणार नव्हतं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : घभाढ. मुलं खो खो हसली. तुम्हीही हसलात ना? थांबा, अर्थ कळेलच.

लाटण्यावरची चिठ्ठी

पहिल्या गटाला कागदाची एक लांब अरुंद पट्टी मिळाली. तिच्यावर अक्षरं होती, पण वाचायला जावं तर नुसता गोंधळ! शेजारी तीन लाटणी ठेवली होती : एक जाड, एक मध्यम आणि एक बारीक. पट्टी लाटण्याभोवती तिरकी, कडेला कड लावून गुंडाळायची आणि अक्षरं आडवी वाचायची. जाड लाटण्यावर काही जुळेना, बारीक लाटण्यावरही जुळेना. मधल्या लाटण्यावर मात्र ओळ उमटली : "चक्र तीन घरं फिरवा."

ही युक्ती फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचे लोक अशीच पट्टी काठीला गुंडाळून निरोप धाडत, असं प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं आहे. इथे किल्ली म्हणजे काठीची जाडी!

करून पाहताना एक लक्षात ठेवा. मराठीत अक्षराला काना, मात्रा, वेलांटी असते आणि जोडाक्षरंही असतात. ती तोडू नका. 'क्र' हे सबंध एकच अक्षर समजा, म्हणजे पट्टी फसणार नाही.

36 घरांचं चक्र

दुसऱ्या गटाकडे पुठ्ठ्याची दोन चक्रं होती. एक मोठं आणि त्याच्यावर एक लहान, मध्ये टाचणी. 'क'पासून 'ळ'पर्यंत व्यंजनं मोजा बरं. किती भरली? 34. त्यांत 'क्ष' आणि 'ज्ञ' मिळवा. झाली 36! वर्तुळाचे अंश 360. म्हणजे प्रत्येक घर बरोबर 10 अंशांचं. कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि आखा. जणू आपली वर्णमाला या चक्रासाठीच बनवली आहे!

रोमचा सेनापती ज्युलियस सीझर प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरं पुढचं अक्षर लिहीत असे. चक्राची कल्पना पुढे पंधराव्या शतकात इटलीतल्या अल्बेर्टी या विद्वानाने मांडली. आपणही सीझरसारखं करू. 'क'ऐवजी तीन घरं पुढचा 'घ', 'प'ऐवजी 'भ', 'ट'ऐवजी 'ढ'. काना-मात्रा जिथल्या तिथे. आता फळ्यावरचा शब्द तीन घरं मागे न्या. घ-भा-ढ म्हणजे... कपाट! सगळा वर्ग कपाटाकडे धावला.

आकड्यांची अक्षरं

कपाटात चिठ्ठी होती : 6-2-1, 8-5-2.

ही 'अंकपल्लवी'. आपल्याकडची जुनी पद्धत आहे बरं का! वर्णमालेचे आठ वर्ग करायचे : 1 स्वर, 2 क-वर्ग, 3 च-वर्ग, 4 ट-वर्ग, 5 त-वर्ग, 6 प-वर्ग, 7 म्हणजे य र ल व, आणि 8 म्हणजे श ष स ह ळ क्ष ज्ञ. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा त्या वर्गातल्या अक्षराचा, तिसरा बाराखडीचा. क 1, का 2, कि 3, की 4, कु 5, कू 6, के 7, कै 8, को 9, कौ 10... हीच गोष्ट हातांच्या खुणांनी केली की ती 'करपल्लवी'. तिच्यात स्वरांसाठी अहि, म्हणजे साप, म्हणून हाताचा फणा करायचा. क-वर्गासाठी कमळ, च-वर्गासाठी चक्र. मग बोटांनी अक्षराचा क्रमांक सांगायचा.

तिसऱ्या गटाला मी कोरा तक्ता दिला होता. वर्णमाला त्यांनीच भरायची होती. या गटात एक मुलगा होता. त्याचे वडील चाकणच्या कारखान्यात कामाला, कुटुंब बिहारहून नुकतंच आलेलं. मराठी वाचताना तो एकेक अक्षर लावत वाचायचा आणि मुलं त्याला हसायची, म्हणून तो हल्ली वाचतच नसे. पण या खेळात गंमत अशी, की सगळेच एकेक अक्षर लावत वाचतात! वर्णमाला तर त्याला पाठ. त्याने झरझर तक्ता भरला. 6-2-1 म्हणजे फ. आणि मग थांबला.

"बाई, आठवें में पाँचवाँ तो है ही नहीं!"

खरंच की! श, ष, स, ह झाले, पुढे? त्याच्या हिंदीच्या वर्णमालेत 'ळ' नव्हताच. ज्या मुलीने पहिल्या दिवशी एकटीने पेटी उघडली होती, ती पुढे आली. त्याच्या तक्त्यात तिने 'ळ' लिहिला आणि म्हणाली, "हा आमचा एक जास्तीचा. जीभ मागे वळवून म्हण." त्याने तीनदा म्हणून पाहिला. मग दोघं एकदमच ओरडली, "फळा!"

चंद्र, वेद आणि माझी फजिती

फळ्यामागच्या चिठ्ठीत तीनच शब्द होते : वेद, चंद्र, नेत्र. त्यांची किल्ली चौथ्या गटाकडे होती. आपले जुने ज्योतिषी आणि गणिती आकडे शब्दांत लिहीत. चंद्र 1, नेत्र 2, अग्नी 3, वेद 4, बाण 5, ऋतू 6, ऋषी 7, वसू 8, ग्रह 9 आणि आकाश 0. यात एक मेख असते. आधी एकं, मग दहं, मग शतं सांगायचं! म्हणून वेद-चंद्र-नेत्र म्हणजे 412 नव्हे, तर 214.

हे उलटं वाचायचं आहे, हे सुचवायला मी चिठ्ठीखाली डावीकडे टोक असलेला एक बाण काढला होता. आणि तिथेच घात झाला. मुलं म्हणाली, "बाण म्हणजे पाच!" कुलपाला आकडे तीन आणि यांच्याकडे झाले चार. कोणता सोडायचा यावर जोरदार वाद सुरू झाला. शेवटी मला कबूल करावं लागलं, की मुलांनो, चूक बाईंची आहे. कोडं रचणाऱ्याने एका खुणेला एकच अर्थ ठेवायला हवा. मी बाण पुसला आणि 'मागून पुढे वाचा' असं लिहिलं. कुलूप उघडलं आणि पेटीतून चिक्की निघाली.

पण किल्लीच नसेल तर?

आता एक खरी गोष्ट ऐका. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या महानुभाव पंथाने संस्कृत सोडून आपल्या मराठीत ग्रंथ लिहिले. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानतात. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी गुप्त लिप्या तयार केल्या. त्यांतल्या सकळ लिपी, सुंदरी लिपी या प्रसिद्ध आहेत. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर किंवा चिन्ह येतं. आपल्या चक्रासारखंच, पण पुष्कळ अवघड! पंजाबातल्या मठांतही या पोथ्या जपल्या गेल्या. तिथले पंथीय घरी वेगळी भाषा बोलत असतील, पण पोथीसाठी मराठी शिकत.

पंथाबाहेरच्या माणसाला मात्र त्या पोथ्या उघडल्या तरी वाचता येत नव्हत्या. असं शेकडो वर्षं चाललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांच्या खटपटीतून सकळ लिपीचा उलगडा झाला, आणि आपल्याच भाषेचा केवढा तरी मोठा खजिना सर्वांसमोर आला!

कुणी एखादी गोष्ट जपण्यासाठी लपवतं, तेव्हा किल्ली आपल्या माणसांपुरतीच ठेवतं. खेळात मात्र उलट. खेळातलं कोडं लपवायचं असतं, ते सापडावं म्हणूनच! म्हणून खेळाचा पहिला नियम : किल्ली त्याच खोलीत कुठेतरी असलीच पाहिजे. जे कुणालाच सुटत नाही, ते कोडं अवघड नसतं, ते अपुरं असतं.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे आणि तो आईबाबांनीही वाचावा. कुलूप पेटीला लावायचं, खोलीच्या दाराला कधीही नाही. पोलंडमधल्या कोशालिन शहरात जानेवारी 2019 मध्ये अशा एका खेळाच्या जागी आग लागली. आत अडकलेल्या पाच मुलींना बाहेर पडता आलं नाही आणि त्या दगावल्या. सगळ्या पंधरा वर्षांच्या होत्या. म्हणून घरी खेळा, नाहीतर पैसे भरून खेळा. दार आतून सहज उघडतं ना, आणि बाहेर पडायची वाट मोकळी आहे ना, हे आधी पाहा. सुटका खोटी-खोटी असली, तरी दार खरं असतं!

आईबाबांना आणखी एक विनंती. मुलं अडली, की चटकन उत्तर सांगू नका. मदतीच्या तीन चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवा आणि मुलांनी मागितली तरच एकेक द्या.

आमच्या वर्गात आता दर महिन्याला पेटी लागते. गेल्या खेपेची कोडी त्या बिहारच्या मुलाने रचली होती. प्रत्येक चिठ्ठीत निदान एक तरी 'ळ' होता! कुणी त्याला हसलं नाही. सगळे तक्ता घेऊन अक्षरं लावत बसले होते ना!

चला, आता तुमची पाळी. तो दुसरा खेळ का जमला, ते मी खाली अंकपल्लवीत लिहिलं आहे. किल्ली कुठे आहे? याच लेखात!

6-5-3, 8-5-6, 5-5-1
8-1-9, 5-4-2