पोफळीच्या पाण्याचा हिशेब आणि आपली नोंदवही

चिपळूणहून कराडकडे निघाले म्हणजे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागते. सह्याद्रीपलीकडील शिवाजीसागराचे पाणी बोगद्यातून येथील भूमिगत विद्युतगृहात येते आणि १९६२ पासून त्यावर वीज निर्माण होत आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्यास जून ते मे अशा जलवर्षासाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणून आज किती वापरले आणि किती उरले, याची नोंद ठेवल्यावाचून उन्हाळ्यासाठी काय राखावयाचे ते ठरविता येत नाही.

आमच्या मते औषधालयाची गोष्ट याहून निराळी नाही. आपला साठाही मर्यादित असतो आणि त्यास कालमर्यादा असते. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी उणावते, आसवे मात्र जुनी होतील तशी गुणवान ठरतात, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. म्हणजे तारखेची नोंद ही आपल्या शास्त्राचीच अपेक्षा आहे. तरीही अनेक ठिकाणी केसपेपर कपाटात, उधारीची वही गल्ल्यावर आणि खरेदीची बिले पिशवीत असतात. शाखा काढावी का, पंचकर्मासाठी आणखी एक खोली बांधावी का, याचे उत्तर मग अंदाजाने दिले जाते. कर्ज अंदाजाने काढले तरी हप्ता मात्र नेमका येतो.

नोंदीचा आराखडा बाहेरून आणावयास नको. चरकोक्त दशविध परीक्षा आणि योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षा यांत रकाने तयारच आहेत. त्यांना रुग्णाचे गाव, निदान, औषधाची मात्रा, बॅच क्रमांक, किंमत आणि पुन्हा येण्याची तारीख एवढी जोड द्यावी. निदानाचे शब्द मात्र ठरलेले असावेत. एकाच व्याधीस आज ‘संधिवात’, उद्या ‘गुडघेदुखी’, परवा ‘वातविकार’ असे लिहिले, तर वर्षअखेरीच्या मोजणीत एकाचे तीन रोग होतात. याकरिता आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर २०१७ पासून प्रमाणित संज्ञा व संकेतांक उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे आपल्या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग प्रकाशित केला.

पोफळीस वापरलेले पाणी वाया जात नाही. ते कोळकेवाडी धरणात अडविले जाते आणि अलोरे येथे पुन्हा वीज देते. नोंदीचेही असेच व्हावे. चिकित्सकाने एकदा लिहिलेल्या औषधावरून बिल तयार व्हावे, साठ्यातून तेवढे वजा व्हावे आणि महिनाअखेरीस पुढील मागणी निघावी. तीच गोष्ट तीन वह्यांत तिघांनी लिहिली की तीन उत्तरे येतात.

अशा दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे निर्णयास आधार मिळतो. शरदात विरेचनासाठी, वर्षाऋतूत बस्तीसाठी किती रुग्ण येतात हे कळले, तर द्रव्ये वेळेवर मागविता येतात. कोकणच्या पावसाळी हवेत चूर्णांना ओल लागते, म्हणून ती थोडी थोडी घेणे शहाणपणाचे ठरते. परंतु ‘थोडी’ म्हणजे किती, हे नोंदच सांगते. चिपळुणातील वैद्यास शिरगाव, अलोरे, पोफळी या बाजूचे रुग्ण किती, हे गावनिहाय यादीवरून दिसेल. तेथे एकदम शाखा थाटण्याऐवजी आठवड्यातून एक वार बसून पाहता येईल.

आता रक्षणाविषयी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा वेळी तळमजल्यावरील वही आणि संगणक दोन्ही सारखेच बुडतात. म्हणून रोजची एक प्रत दुसऱ्या, उंचावरील ठिकाणी किंवा सुरक्षित ऑनलाईन साठवणीत असावी आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडणाऱ्या प्रतीचा उपयोग नाही.

रुग्णाची माहिती ही त्याने आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख संमतीवर आहे. केसपेपरातील दूरध्वनी क्रमांकावर सवलतीचे संदेश धाडण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी. गल्ल्यावरील मदतनिसास बिल दिसावे, व्याधी दिसू नये.

यासाठी महागडी प्रणाली विकत घेण्याची घाई नको. साधा तक्ता, ठरलेले शब्द आणि रोजची शिस्त एवढ्यावर आरंभ होतो. जुने केसपेपर भरण्याच्या ओझ्याने कंटाळून जाण्यापेक्षा उद्याच्या पहिल्या रुग्णापासून सुरुवात करावी, अशी आमची वैद्यबंधुभगिनींस व औषधालयचालकांस विनंती आहे.