चामड्याची हातशिवण

नसत्या गोष्टी खोदून खोदून विचारणाऱ्याला मराठी माणूस ‘चांभारचौकशा पुरेत’ असे म्हणून गप्प करतो. शब्द अनुदार आहे, आणि ज्याने तो प्रथम वापरला त्याने जोडा शिवून घेताना कारागिराचे प्रश्न नीट ऐकले नसावेत. कातडे म्हशीचे की शेळीचे, पाठीचे की पोटाचे, जाडी किती, वापर शेतात होणार की पेठेत, हे प्रश्न ज्याला पडत नाहीत त्याच्या हातून चामड्याचे काम धड होत नाही. कापडातला चुकलेला टाका उसवता येतो आणि एका धुण्यात त्याची खूणही जाते. चामड्यात एकदा पडलेले भोक मात्र कायमचे राहते. तेव्हा या कामात सुई हाती घेण्यापूर्वीचा बराचसा वेळ अशा चौकशांतच जावयाचा असतो.

पहिली चौकशी चामड्याचीच. नवशिक्याने बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेले, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे. ते अंगाने ताठ असते, कापलेली कड सरळ राहते, भोक पाडले की भोक जागच्या जागी टिकते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ आणि लवचीक. हातमोज्यांना, पिशव्यांना ते उत्तम, पण शिकणाऱ्याच्या बोटाखाली ते सरकते. एकाच कातड्याचे गुणही सर्वत्र सारखे नसतात. पाठीकडचा भाग घट्ट, मानेकडचा सुरकुतलेला, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. पट्टा कापावयाचा तो पाठीच्या कण्याला समांतर कापावा. पोटाच्या भागातून कापलेला पट्टा महिन्याभरात लांब होतो. आणखी एक सावधगिरी: साल-हिरड्यात कमावलेले चामडे ओले असताना लोखंडाला लागले तर काळा डाग पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. तीच क्रिया येथे नकळत घडते.

आता टाक्याकडे वळावयाचे. गोधडी शिवताना घरोघरी जो धावदोरा घालतात तो सर्वांच्या परिचयाचा आहे. सुई वरून खाली जाते, खालून वर येते. म्हणून वरच्या अंगास एक टाका, मग तेवढीच मोकळी जागा, मग पुन्हा टाका असे दिसते. त्याच भोकांतून दुसरा धावदोरा उलट अंगाने घातला, तर पहिल्याने सोडलेली प्रत्येक जागा दुसरा भरून काढील. दोन्ही बाजूंना अखंड रेघ दिसेल आणि प्रत्येक भोकातून दोन पदर गेलेले असतील. चामड्याच्या हातशिवणीचा प्रसिद्ध खोगीर-टाका तो हाच. फरक इतकाच की येथे दोन धावदोरे एकामागून एक न घालता एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून बरोबरच घालतात.

या टाक्याचे बळ कशात आहे हे शिवणयंत्राच्या टाक्याशी ताडून पाहिले की कळते. यंत्रात वरचा दोरा वरच राहतो, बॉबिनचा दोरा खालीच. दोघे चामड्याच्या जाडीत एकमेकांना अडकवून धरतात. वरचा दोरा एके ठिकाणी घासून तुटला की तेथे खालच्याला धरणारे कोणी उरत नाही, आणि ताण बसत गेला की शेजारचे टाकेही एकामागून एक सैल होतात. खोगीर-टाक्यात एक पदर तुटला तरी दुसरा सर्व भोकांतून सलग धावत असतो. तुटलेल्याची टोकेही मेणामुळे आणि घट्ट भोकांमुळे सहसा निसटत नाहीत. हा टाका खोगिराच्या कामात रुजावा यात नवल नाही. चालत्या घोड्याच्या पोटाखालचा पट्टा उसवणे म्हणजे स्वाराच्या जिवाशी गाठ. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांना जिनगर हे नाव पडले ते जीन, म्हणजे खोगीर, करण्यावरूनच. पुढे १९व्या शतकात कानपूरला लष्करासाठी खोगिरे आणि घोड्यांचे साज तयार करणारा सरकारी कारखाना निघाला. लष्करातले घोडे कमी झाले, तरी त्या शहराचे खोगीरकाम अद्याप परदेशी जाते.

रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या मोच्याची रीत याहून निराळी असते. त्याच्या आरीच्या टोकाला बारीक आकडी असते. आरी वरून खुपसावयाची, खालच्या दोऱ्याचा फास आकडीने वर ओढावयाचा, त्यातून दुसरे टोक घालावयाचे आणि आवळावयाचे. स्वभावाने हा टाका यंत्राच्या टाक्याचाच भाऊ. पण तुटलेला पट्टा गिऱ्हाईक एका पायावर उभे असताना जोडून द्यावयाचा तर याच्याइतकी झटपट रीत दुसरी नाही. याच आकडीच्या आरीने कच्छमधील मोची कारागिरांनी रेशमाचा साखळीटाका कापडावर उतरविला. ‘मोची भरत’ या नावाने ते भरतकाम आजही ओळखले जाते.

खोगीर-टाक्याला साहित्य थोडे लागते. दोन बोथट सुया, एक साधी आरी, अळशीच्या तंतूंचा म्हणजे लिननचा पीळदार दोरा, मधमाश्यांच्या मेणाची वडी, रापी, पट्टी आणि टोके फाकवून पक्की करता येईल असा कंपास. सुया बोथट का, असा प्रश्न साहजिक आहे. भोक पाडण्याचे काम आरीचे. सुईने केवळ वाट काढावयाची. तिला धार असेल तर ती भोकात आधीच असलेल्या दोऱ्याच्या पिळात घुसते आणि मग तो टाका ओढताही येत नाही, सोडविताही येत नाही. आरीचे पाते शक्य तर पत्त्यांतील चौकटीच्या आकाराचे असावे. गोल टोच्याने चामडे नुसते बाजूला ढकलले जाते. चौकटीच्या पात्याने बारीक तिरकी चीर पडते, आणि दोरा आत गेल्यावर ती त्याच्याभोवती मिटते.

शिवणीची रेघ कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर आत, कंपासचे एक टोक कडेवरून फिरवीत आखावी. मग भोकांच्या खुणा. त्यासाठी दात्यांचे चाक मिळते, पण नवशिक्याला जेवणाचा साधा काटाही पुरतो: त्याचे दाते रेघेवर दाबावे, पुढच्या वेळी पहिला दाता मागच्या शेवटच्या खुणेत ठेवून पुन्हा दाबावे. आरंभी इंचास सहा टाके पुष्कळ झाले. दोरा किती घ्यावा याचा अदमास असा, की शिवण एक वीत असेल तर चार विती दोरा आणि सुयांत अडकविण्यासाठी आणखी एक वीत. तो मेणाच्या वडीवरून तीन-चार वेळा ओढून घ्यावा. मेणाने पीळ बांधला जातो, पाणी शिरत नाही आणि दोरा भोकात चिकटून राहतो. सुईत ओवल्यावर दोऱ्याचे टोक सुईने मध्ये टोचून पुढे ओढून घेतात, म्हणजे गाठ न मारता सुई पक्की बसते.

चामड्याचे दोन तुकडे एकावर एक नीट जुळवून लाकडी चिमट्यात धरावेत आणि चिमटा गुडघ्यांत दाबावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आपल्याकडचे जुने कारागीर हे काम पायाच्या तळव्यांकडून आणि अंगठ्यांकडून करवून घेतात. खुर्चीत बसण्याची सवय झालेल्या माणसाला ते साधेलच असे नाही. पहिल्या भोकातून एक सुई पलीकडे न्यावी आणि दोन्ही टोके सारख्या लांबीची करावीत. पुढच्या खुणेवर आरी चामड्याला अगदी काटकोनात धरून आरपार न्यावी. आता डाव्या हातातील सुई प्रथम भोकात घालून उजवीकडे ओढावी. मग उजव्या हातातील सुई त्याच भोकात, आधीच्या दोऱ्याच्या मागून, डावीकडे घालावी. ती जात असता पहिला दोरा किंचित मागे-पुढे ओढून पाहावा. तो मोकळा हलला तर सुईने त्याला टोचलेले नाही. मग दोन्ही हात सारख्या जोराने बाहेर ओढावेत. पुढच्या भोकात हेच, याच क्रमाने. क्रम मध्येच बदलला तर टाक्यांचा तिरकेपणा बदलतो, आणि पन्नास टाक्यांत ते एकच ठिकाण डोळ्यांना खुपत राहते.

नवशिक्यांच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात. पुढची बाजू सुरेख आणि मागची वेडीवाकडी, म्हणजे आरी कलली. दोरा चामड्यात रुतून कड सुरकुतली, म्हणजे ओढ फाजील झाली. बळकट शिवण म्हणजे जोराने आवळलेली शिवण, ही समजूत सर्वांत जास्त काम बिघडविते. दोरा चामड्यावर टेकला की ओढ पुरी झाली. शेवटी दोन-तीन भोके उलट शिवत यावे आणि दोरा चामड्यालगत कापावा. गाठ लागत नाही. मग हातोडीने हलके ठोकून टाके बसवावेत, कड ओली करून गुळगुळीत लाकडाने किंवा जाड कापडाने घासावी. ती चकाकू लागते, आणि दोन तुकडे होते हे ओळखू येईनासे होते. पहिले काम म्हणून सरळ शिवणीचे काही करावे, चष्म्याचे घर किंवा किल्ल्यांचा पट्टा. गोलाईच्या वाटेला एवढ्यात जाऊ नये.

हे काम शिकावयास वय आडवे येत नाही. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला तेव्हा गांधीजी चाळिशी ओलांडलेले बॅरिस्टर होते. त्यांचे स्नेही हर्मान कॅलेनबाख हे व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ. ते मरियानहिल येथील ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला करावयास शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि गांधीजींकडून फार्मवरील इतर मंडळी. ज्यांच्या हातचे जोडे सर्वांनी घालावयाचे त्यांनाच दाराबाहेर उभे करणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाने स्वतः आरी धरणे, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. १९१४ मध्ये गांधीजींनी जनरल स्मट्स यांना आपल्या हातचा चपलांचा एक जोड भेट दिला. १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी स्मट्स यांनी तो परत केला. मधले अनेक उन्हाळे त्यांनी त्या चपला वापरल्या होत्या.

खुद्द महाराष्ट्रात हातशिवणीचे सर्वांत परिचित उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. जुन्या पद्धतीच्या अस्सल चपलेत खिळा नसतो; इतकेच काय, तळ शिवावयास दोराही नसतो. चामड्याचीच बारीक वादी कापून तिने तळाचे थर शिवतात. वादी चामड्याबरोबरच भिजते आणि चामड्याबरोबरच वाळते, त्यामुळे शिवण आणि तळ यांचे वैर होत नाही. वरची वेणी पुष्कळदा स्त्रियांच्या हातची असते. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन पेढीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या आणि मोठा वाद झाला. त्या वादात घाटाइतकीच वादीच्या टाक्याचीही चर्चा व्हावयास हवी होती.

हाताने शिवलेली वस्तू दुरुस्त करणे सोपे असते. चामडे शाबूत राहून दोरा तेवढा झिजला असेल, तर जुने टाके रापीच्या टोकाने कापून एकेक करून उपसावेत आणि भोके मोकळी करावीत. मग नवा मेण लावलेला दोरा दोन सुयांत अडकवून त्याच भोकांतून न्यावा. या खेपेस आरीचे काम पडत नाही.