फिश टँकसाठी फिल्टर घेताना



ऊस विकास विभागाकडे फिल्टरची चौकशी काही नवी नाही. ठिबकला वाळूचा फिल्टर बसवावा की चकतीचा, नुसता जाळीचा चालेल काय, विहिरीत शेवाळ आहे तर काय करावे, ही उत्तरे गट ऑफिसच्या भिंतींनाही आता पाठ झाली असतील. पण अलीकडे शेलूबाजार गटातून वेगळाच प्रश्न येऊ लागला आहे. "साहेब, लेकराने हट्ट केला म्हणून माशाची काचेची टाकी आणली. तिचे पाणी शुद्ध करायचे मशीन कोणते घेऊ जी?" असे विचारणारे एक-दोन नाहीत. कोणी अकोल्याहून टाकी आणली, कोणी वाशीमहून. दुकानात गेले की आर.ओ., यु.व्ही. दिवा, कॅनिस्टर अशी नावे ऐकायला मिळतात आणि खिशाला हजारो रुपयांची फोडणी बसते. एवढे करूनही पहिल्या पंधरा-वीस दिवसांत मासे उलटे होऊन तरंगतात. पाणी मात्र आरशासारखे निर्मळ! मग लेकरू रडते आणि बाप म्हणतो, फिल्टर हलका निघाला, आता भारी आणतो.

भारी आणण्यापूर्वी मासा कशाने मेला ते पाहू. आमच्या मते ही गोष्ट ऊस उत्पादकाला समजावणे शहरातल्या माणसापेक्षा सोपे आहे, कारण टाकीतली सगळी भानगड नत्राची आहे.

आपण उसाला युरिया टाकतो. जमिनीत त्याचा आधी अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राईट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राईटचे नायट्रेट करतात. ऊस या शेवटच्या रूपातही नत्र उचलतो. टाकीत युरियाची गरज नाही. मासा कल्ल्यांवाटे सरळ अमोनियाच बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर घालतात. अमोनिया माशाला विष, नायट्राईटही विष, नायट्रेट मात्र बरेच साठेपर्यंत सोसते. अमोनियाला रंग नाही. म्हणून निर्मळ पाण्यातला मासा मरतो, आणि जुन्या, किंचित पिवळसर पाण्याच्या टाकीतला मासा मजेत फिरतो.

तेव्हा टाकीच्या फिल्टरचे खरे काम गाळणे हे नव्हेच. जिवाणूंना राहायला घर देणे आणि त्या घरातून हवेशीर पाणी अखंड फिरवणे, हे त्याचे काम. ठिबकच्या वाळूच्या फिल्टरला आपण बॅकवॉश देऊन लख्ख करतो, कारण तिथे बुळबुळीत थर म्हणजे शत्रू. इथे तोच बुळबुळीत थर आपला गडी!

हे शोधले कोणी, त्याची हकीकत थोडी सांगण्यासारखी आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि पाणगोगलगाई ठेवून, पाणी न बदलता ते चांगले राहते हे त्यांनी दाखवले. घरगुती फिश टँकची सुरुवात साधारण तिथून धरतात. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच, पुढे रोथॅमस्टेड या इंग्लंडमधील नामांकित शेती संशोधन केंद्रात काम करू लागला आणि जमिनीत अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत होते हे सिद्ध करणाऱ्यांपैकी एक ठरला. बापाची टाकी आणि लेकाचे शेत, दोन्हीकडे विषय एकच.

त्याआधी १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी एका नळीत वाळू व चुनखडी भरून तिच्यातून सांडपाणी हळूहळू सोडले. सुरुवातीचे वीसेक दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. नंतर नायट्रेट दिसू लागले. पुढे नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर काम बंद पडले. म्हणजे हे करणारे कोणी जिवंत आहे, हे ठरले. दुकानात मिळणारा प्रत्येक फिल्टर ही त्या नळीचीच नक्कल आहे. पहिले वीस दिवस रिकामे का जातात आणि औषधी पाण्याने फिल्टर का मरतो, ही दोन्ही उत्तरे त्याच प्रयोगात आहेत.

आता वस्तूंकडे वळू. आमची शिफारस सरळ आहे: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी असेल तर हवेचा छोटा पंप आणि स्पंज फिल्टर घ्यावा. दोन्ही मिळून काही शेकड्यांत काम होते. या मापाच्या टाकीत काठोकाठ ५४ लिटरच्या आसपास पाणी मावते. गोटे आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४० ते ४५ लिटर. स्पंज फिल्टर कसा चालतो? बोअरमधून कॉम्प्रेसरने पाणी उचलताना जे होते तेच. नळीत खाली हवा सोडली की बुडबुडे वर येताना पाणी ओढून नेतात, आणि ते पाणी स्पंजमधून गाळून यावे लागते. पाणी फिरते, हवाही मिळते. हवेला कमी लेखू नये. अमोनियातील एक भाग नत्राचे नायट्रेट व्हायला साडेचार भागांहून जास्त प्राणवायू लागतो. पाणी साचलेल्या वावरात ऊस पिवळा पडतो त्यामागे हेही एक कारण असते. उन्हाळ्यात तर पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्या दिवसांत बुडबुडे बंद ठेवणे म्हणजे माशाचा गळा धरणे.

विजेचा हिशोब करा. ३ वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तर २.१६ युनिट. आत बुडवायचा १२ वॅटचा मोटरवाला फिल्टर ८.६४ युनिट. मोटरवाला वाईट नाही. गोल्डफिशसारखे खादाड व घाण करणारे मासे असतील तर त्याचा जोर उपयोगी पडतो. पण गप्पी, मॉली यांची बारीक पिल्ले तो ओढून घेतो.

बाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर मोठ्या टाकीला उत्तम, यात शंका नाही. पण आपल्याकडे वीज गेली की किती वेळाने येईल ते सांगता येत नाही. बंद डब्यात पाणी थांबले की आतले जिवाणू प्राणवायू संपवून गुदमरतात, आणि चार-सहा तासांनी वीज आल्यावर तोच घाण ऐवज टाकीत परत येतो. स्पंज उघड्या पाण्यात असतो, त्यामुळे तो जास्त दम धरतो. वीज गेल्यावर तांब्याने टाकीतले पाणी घेऊन वितभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावे, अधूनमधून दहा-वीस वेळा. पोरांना हे काम आवडतेही. आणखी एक: हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत उलटे पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. नाही तर वीज जाताच टाकीतले पाणी नळीवाटे पंपात उतरते आणि पंपाचे राम नाम सत्य.

यु.व्ही. दिवा पाण्यात तरंगणारे जंतू व हिरवे शेवाळ मारतो, अमोनियाला हात लावत नाही. कोळशाची, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनची, पिशवी रंग आणि वास घेते. साखर रिफायनरीतही पाकाचा रंग काढायला असा कोळसा वापरतात. पण तोही अमोनिया सोडून देतो, आणि काही आठवड्यांत भरून निकामी होतो. सुरुवातीला दोन्हींवर खर्च करू नये.

आर.ओ. बद्दल थोडे जास्त लिहितो, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. आपल्या भागात खाली काळा पाषाण. विहीर-बोअरच्या पाण्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार असतात, भांड्याला पांढरे बसते, सामू बहुधा ७ च्या वर. "एवढे जड पाणी माशाला कसे चालेल?" असे दुकानदार विचारतो. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणीच मानवते. शिवाय अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. अमोनियम सल्फेटच्या सततच्या वापराने जमिनीचा सामू उतरतो तो यामुळेच. जड पाण्यातले क्षार हे आम्ल पचवतात. आर.ओ.च्या पाण्यात ते क्षारच नाहीत, म्हणून सामू एकदम घसरतो आणि जिवाणू काम सोडतात. पैसा गेला, फेकलेले पाणी गेले आणि मासाही गेला.

जड पाण्याची एक वाईट बाजूही सांगितली पाहिजे. सामू जितका जास्त आणि पाणी जितके गरम, तितका अमोनिया अधिक विषारी. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा शेकडा एकाहून कमी भाग जहाल रूपात असतो. सामू ८ असेल तर शेकडा सात-आठ. म्हणजे आपल्याकडे नवी टाकी घाईने भरणे जास्त धोक्याचे.

म्हणून टाकी मुरू द्यावी. पाणी, गोटे, फिल्टर लावून दोन-तीनच गप्पी सोडावेत आणि चार ते सहा आठवडे धीर धरावा. लवकर हवे असेल तर विरजण लावावे! ज्याची टाकी वर्षभर चालू आहे आणि मासे निरोगी आहेत, त्याच्याकडून जुन्या स्पंजचा तुकडा किंवा तो पिळलेले गढूळ पाणी आणून आपल्या फिल्टरवर टाकावे. फुकटचे आहे आणि कुठल्याही बाटलीबंद औषधापेक्षा भरवशाचे. पुढे मासे थोडे थोडे वाढवावेत, या टाकीत दहा-बारा गप्पी पुष्कळ झाले. खाद्यही तसेच. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र आपण एकदम ओतत नाही, चार हप्त्यांत देतो. माशालाही दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट.

स्पंज नळाखाली धुऊ नये. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते आणि तिचे कामच जिवाणू मारणे. पाणी बदलताना काढलेल्या बादलीभर पाण्यातच स्पंज दोन-चार वेळा दाबून परत लावावा. नळाचे नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग टाकीत घालावे.

आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदलावे लागते, कारण नायट्रेट साठत जाते आणि स्पंज ते काढत नाही. इथे मात्र एक गाठ आहे. बदलीचे पाणीच नायट्रेटने भरलेले असेल तर? उसाला मोकाट पाणी आणि शिफारशीपेक्षा जास्त युरिया दिला तर पिकाने न उचललेले नत्र निचऱ्याबरोबर खाली उतरते आणि विहिरीत येते. माशांच्या दुकानातील तपासणी पट्टीने टाकीतले नायट्रेट कळते. तीच पट्टी एकदा विहिरीच्या पाण्यात बुडवून पाहावी. मासा ते सोसेल, पण तेच पाणी घरात पिण्याला असते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळून ते जात नाही. पाणी आटल्याने उलट दाट होते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले दूध दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. पट्टीचा रंग गडद आला तर तिच्यावर विसंबू नका, पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. मर्यादेबाहेर निघाले तर आर.ओ. जरूर घ्या, कारण तो नायट्रेट काढतो. पण तो स्वयंपाकघरात बसवा, आणि त्या विहिरीखालच्या उसाच्या खताचा हिशोब घेऊन गट ऑफिसला या.

टाकीतून काढलेले पाणी गटारीत ओतू नका. त्यात नायट्रेट आहे, तुळशीला आणि परसातल्या वांग्या-मिरचीला चालते. गप्पीची मादी मात्र साधारण महिन्याला पिल्ले टाकते, तेव्हा चार महिन्यांत टाकी भरेल. जास्तीची पिल्ले नाल्यात किंवा नदीत सोडू नयेत, तिथल्या देशी माशांना ती त्रासाची होतात. घरच्या सिमेंटच्या हौदात सोडावीत, डासांच्या अळ्या खातात; आरोग्य खाते त्यासाठीच गप्पी वापरते. किंवा शेजाऱ्याला द्यावीत, सोबत आपल्या स्पंजचे पिळलेले पाणी बाटलीभर.