वाटेची वही



आपला भंडारा जिल्हा तलावांचा. मालगुजारांच्या काळातले हे तलाव १९५१ साली मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले. पण तलावाची खरी हद्द कुठवर, हा वाद अजूनही निघतो. एखादा म्हातारा बोट दाखवून सांगतो, ‘पाणी त्या मोहापर्यंत यायचे.’ परंतु म्हातारा गेला की खूणही गेली! ही खूण खिशातल्या मोबाईलने लिहून ठेवता येते. कशी, ते पाहू.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश सतत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे, ते पोहोचायला किती वेळ लागला यावरून मोबाईल आपली जागा काढतो. नोंद चालू ठेवून आपण पाळीवरून चालत गेलो, की अशा जागा ओळीने टिपल्या जातात. या टिपणांची वही म्हणजे जीपीएक्स फाईल. हा प्रकार २००२ पासून प्रचारात आहे.

ही वही गूढ नाही बरे का. ती साध्या मजकुराची असते. उघडून बघा, प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश, रेखांश आणि बहुधा उंची व वेळ तीत सापडेल. सांडव्यासारखी एकेकटी खूण वेगळी लिहिलेली असते आणि चाललेली वाट वेगळी.

वाचताना मात्र तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, क्रम. भंडारा शहर अक्षांश २१.१७ उत्तर, रेखांश ७९.६५ पूर्व यांच्या आसपास आहे. केएमएल नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फाईलीत रेखांश आधी लिहितात. आकडे उलटले, तर आपले भंडारा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर, बर्फात जाऊन पडेल!

दुसरी, वेळ. जीपीएक्समधली वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी दहाला चाललात, तर तिथे साडेचार दिसतील. म्हणून नोंद खोटी समजू नका.

तिसरी, अचूकपणा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा दशांशचिन्हानंतरचा पाचवा आकडा साधारण एक मीटर दाखवतो. मोबाईलची चूक तर सहज काही मीटरांची असते, आणि दाट झाडीखाली ती वाढते. मग आठ आकडे दिसले म्हणून भुलायचे कशाला? शंकेच्या जागी थोडे थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरा आणि दोन्ही वाटा ताडून बघा. जुना सर्वेक्षणाचा नकाशा वेगळ्या मापपद्धतीवर असेल, तर फरक शंभर मीटरांच्याही वर जाऊ शकतो. तो दोष ना तुमच्या पायांचा, ना मोबाईलचा.

अशी फाईल पुरावा ठरते का? वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २०१२ साली दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे उपग्रहचित्रे व इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारे नव्हे. तलावाच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. फाईल म्हाताऱ्याची साक्ष खोडीत नाही, ती जपून ठेवते.

शिक्षक मित्रांनो, एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन गावच्या तलावाला फेरी घाला. बरोबर एक जाणता माणूस असू द्या. फाईलीला गावाचे नाव व तारीख द्या, एक प्रत शाळेत ठेवा आणि एक ग्रामपंचायतीत. पुढे कधी वाद निघाला, तर ही वही उघडता येईल.