कळांचं इंजेक्शन नेमकं कोणतं?
वस्तीत बायकांशी बोलताना मी नेहमी ऐकते, ‘कळांचं इंजेक्शन दिलं, तरी दुखणं काही थांबेना!’ अहो, ते थांबणार कसं? सलाईनमधून देतात ते बहुधा ऑक्सिटोसिन. त्यानं कळा वाढतात. दुखणं कमी करणारं औषध वेगळं. एपिड्युरलमध्ये भूलतज्ज्ञ पाठीत बारीक नळी बसवून औषध सोडतात. बाई शुद्धीवर असते, कळा मात्र सुसह्य होतात. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

‘बाईनं सोसायचंच असतं’ म्हणणाऱ्यांना सांगा, १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीनं बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं होतं. मैत्रिणींनो, सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा : इथे भूलतज्ज्ञ येतात का? खर्च किती? विचारण्यात लाज कसली?