शिफारस करण्यापूर्वी लेबल वाचा

कीटकनाशकाची चौकशी करताना शेतकरी बहुधा व्यापारी नाव सांगतो किंवा रिकामी बाटली दाखवतो. व्यापारी नावे अनेक असतात आणि बदलतात. म्हणून सल्ला देणाऱ्याने प्रथम लेबलवरील सक्रिय घटक, त्याचे प्रमाण आणि स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

इमिडाक्लोप्रिडचे उदाहरण घेऊ. हा घटक १७.८ टक्के एसएल या द्रवरूपात तसेच ७० टक्के डब्ल्यूजी या दाणेदार रूपात मिळतो. कपाशीवरील मावा व तुडतुड्यांसाठी द्रवरूप औषधाची मात्रा हेक्टरी १०० ते १२५ मिलि, तर दाणेदार औषधाची हेक्टरी केवळ ३० ते ३५ ग्रॅम आहे. घटकाचे नाव तेच म्हणून दाणेदार औषध १०० ग्रॅम वापरले, तर सक्रिय घटक तिपटीहून अधिक पडतो.

दुसरी चूक क्षेत्राच्या मापात होते. लेबलवरील मात्रा हेक्टरी असते. शेतकरी हिशेब एकरात करतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. त्यामुळे १०० मिलि हेक्टरी मात्रा एकरी सुमारे ४० मिलि होते. सल्ला देताना दोन्ही आकडे लिहून द्यावेत.

रंगाचा अर्थ

लेबलवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती श्रेणी दर्शवतो. ही श्रेणी माणसाला असणाऱ्या धोक्याची आहे, किडीवरील परिणामकारकतेची नव्हे. ‘लाल म्हणजे जालीम, म्हणून चांगले’ हा समज घातक आहे. हिरवा त्रिकोण असला तरी हातमोजे व मुखपट्टी टाळता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीदरम्यान झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे प्राण घेतले, हे विस्मरणात जाऊ नये.

माहिती जुनी होते

२०१८ च्या केंद्रीय आदेशाने १८ कीटकनाशकांवर बंदी आली. त्यांपैकी फोरेट, ट्रायझोफॉस व डायक्लोरव्हॉस यांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. उसातील हुमणीसाठी फोरेट सुचवणाऱ्या जुन्या पुस्तिका मात्र अजूनही कपाटात आढळतात. पुस्तिका लिहिली तेव्हा ती शिफारस योग्य होती. आज ती बेकायदेशीर आहे.

यासाठी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीची मंजूर वापरांची यादी आधार मानावी आणि प्रत्येक हंगामापूर्वी ती पुन्हा पाहावी. आपल्या वहीत घटक, प्रमाण, पीक, कीड, हेक्टरी व एकरी मात्रा, फवारणी ते काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी आणि यादी पाहिल्याचा दिनांक असे रकाने ठेवावेत. यांतील दिनांकाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो मागील हंगामाचा असेल, तर शिफारस देण्यापूर्वी यादी पुन्हा उघडावी.